त्वचेवरील कर्करोगाचें मूळ : पोथी, पोशाख आणि मावळ

हस्तलिखितें हाताळणाऱ्या वाचकांस हरताळ नवा नाहीं. लेखकाच्या हातून चूक झाली कीं त्या अक्षरांवर हरताळ लावावयाचा आणि तो वाळल्यावर त्याच जागीं शुद्ध अक्षर लिहावयाचें, ही पोथीलेखनाची जुनी रीत होय. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तिच्यावरूनच मराठींत रूढ झाला. कागदास कसर लागूं नये म्हणूनहि त्यावर हरताळाचा हात फिरवीत. हा पिवळा पदार्थ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचें खनिज. मनःशीळ त्याच जातीची, आणि सोमल हाहि आर्सेनिकाचाच एक प्रकार. हें द्रव्य अल्प प्रमाणांत, परंतु वर्षानुवर्षें पोटांत जात राहिलें तर त्वचेवर कर्करोग उद्भवूं शकतो, हें वैद्यकीय संशोधनानें आतां निश्चित केलें आहे.

पोथ्यांचा अभ्यास आणि रोगांचा अभ्यास यांची गांठ अशी एका वस्तूपाशीं पडते. म्हणून त्वचेच्या कर्करोगाचीं कारणें कशीं उलगडत गेलीं, त्यांपैकीं कोणतीं भोर व वेल्हें या मावळी तालुक्यांच्या राहणीशीं निगडित आहेत, आणि जुन्या वैद्यकाच्या बाडांचा अर्थ लावतांना काय सांभाळावें, हें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्यास राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं मान्यता दिली. येथें ओळखीसाठीं जुनेंच नांव ठेविलें आहे.

१. शब्दाचा विचार

प्रथम शब्द पाहूं. 'कर्करोग' हें रोगनाम प्राचीन संहितांत नाहीं. ग्रीक वैद्यांनीं या रोगास खेंकड्याचें नांव दिलें, तें लॅटिनमधून युरोपांत पसरलें, आणि त्याचेंच भाषांतर आपल्याकडे अर्वाचीन काळीं झालें. 'कर्क' शब्द संस्कृत आहे व ग्रीक शब्दाचा तो भाऊबंदहि आहे. परंतु त्या शब्दाचा हा अर्थ जुना नव्हे. सुश्रुतांत 'कर्कटक' आढळतो, तो हाड मोडण्याच्या एका प्रकाराचें नांव म्हणून. तेव्हां एखाद्या बाडांत 'कर्कट' दिसला म्हणून तेथें कर्करोग वाचूं नये; आणि 'कर्करोग' असा स्पष्ट शब्द आढळल्यास तो मजकूर अलीकडचा समजावा. लेखाच्या कालनिर्णयास ही एक उपयोगी खूण आहे.

'अर्बुद' या शब्दाची अडचण निराळी. दहा कोटींची संख्या, अबूचा पर्वत, वेदांतील एक सर्प आणि मांसाची गांठ, इतके अर्थ त्याला आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील अकराव्या अध्यायांत अर्बुदाचें जें वर्णन आहे, त्यांत गोल, स्थिर, मंद वेदनेची, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी व न पिकणारी अशी गांठ सांगितली आहे. निरीक्षण सूक्ष्म आहे यांत शंका नाहीं. सुश्रुताची तारखेची अतिप्राचीन ज्ञात प्रत नेपाळांतील इ. स. ८७८ ची आहे, यावरून हें वर्णन किती जुनें हेंहि कळून येतें. परंतु या लक्षणांत निरुपद्रवी गांठीहि बसतात. उलट त्वचेचा कर्क पुष्कळदां गांठ म्हणून न दिसतां न भरणारी जखम म्हणून दिसतो; तो जुन्या ग्रंथांत शोधावयाचा तर 'अर्बुद' या सदराइतकाच 'दुष्टव्रण' या सदराखालीं शोधला पाहिजे, आणि तेथेंहि शंभर इतर व्रणांच्या गर्दींत तो ओळखणें अवघड आहे. अर्बुद म्हणजे कर्क हें समीकरण जे सरसकट मांडतात, त्यांनीं पुरावा कमी व उत्साह अधिक दाखविला आहे, असें आम्हांस वाटतें.

२. कारण कसें सांपडलें

त्वचेच्या कर्काचें बाहेरील कारण प्रथम दाखविलें तें लंडन येथील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें, १७७५ सालीं. धुराडीं साफ करणाऱ्या कामगारांत वृषणाच्या कातडीवर एक विशिष्ट व्रण होतो, आणि त्याचें कारण कातडीच्या सुरकुत्यांत साठणारी काजळी हें होय, असें त्यानें लिहिलें. यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. कामगार धुराड्यांत शिरत तें लहानपणीं. व्रण दिसे तो प्रौढपणीं. म्हणजे कारण व कार्य यांच्यामध्यें कित्येक वर्षांचें अंतर. दुसरें असें कीं पॉटपाशीं आजच्यासारखीं साधनें नव्हतीं. रोग शरीरावर कोठें होतो, कोणास होतो, किती वर्षांनीं होतो आणि त्या माणसाची राहणी काय, एवढेच प्रश्न त्यानें विचारले. कागदाचें स्थळ, काळ, लेखक व प्रयोजन पाहणाऱ्या इतिहाससंशोधकास ही पद्धत परकी वाटूं नये.

पॉटच्या अनुमानास प्रयोगाचा आधार मिळण्यास एकशेंचाळीस वर्षें लागलीं. १९१५ सालीं जपानांत यामागिवा व इचिकावा यांनीं सशांच्या कानांवर कित्येक महिने डांबर लावून तेथें कर्क उत्पन्न करून दाखविला. पुढें लंडन येथील केनवे व त्याचे सहकारी यांनीं डांबरांतील नेमकें द्रव्य वेगळें काढलें. त्यांपैकीं बेंझोपायरीन हें १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच सुमारास सूर्यप्रकाशाचीहि चौकशी चालू होती. खलाशांच्या उघड्या कातडीवरील फेरफार हॅम्बुर्गच्या उना यानें १८९४ सालीं वर्णिले होते. १९२८ सालीं फिंडले यानें अतिनील किरण पाडून उंदरांच्या त्वचेवर कर्क आणविला.

३. पाठभेद आणि शोधक

हीं कारणें इतकीं भिन्न असतां परिणाम एकच कां, याचें उत्तर पेशीच्या आंत सांपडलें. तें पोथीच्या दृष्टान्तानें सांगणें आमच्या वाचकांस सोयीचें होईल.

प्रत्येक पेशींत डीएनए या द्रव्याच्या रूपानें एक ग्रंथ असतो. पेशीचे दोन भाग होतांना त्या ग्रंथाची नक्कल होते, आणि नकलेंत लेखकप्रमाद होतात. बहुतेक प्रमाद शोधले जातात. शरीरांत शोधकाचें काम करणारीं द्रव्यें आहेत. तीं बिघडलेला अक्षरांचा तुकडा कापून काढतात आणि समोरच्या प्रतीवरून तो पुन्हा लिहितात. हें जवळजवळ हरताळ फासून शुद्ध अक्षर लिहिण्यासारखेंच आहे. जो प्रमाद शोधकाच्या नजरेंतून सुटतो तो पुढील प्रत्येक प्रतींत उतरतो. आणि पेशीच्या वाढीस आळा घालणाऱ्या वाक्यांतच असे कांहीं प्रमाद सांचले तर ती पेशी अनिर्बंध वाढूं लागते. हाच कर्क.

अतिनील किरणांनीं शेजारशेजारचीं दोन अक्षरें एकमेकांस चिकटतात, आणि नक्कल करतांना त्या जागीं एका ठराविक प्रकारची चूक होते. त्वचेच्या कर्कांत पी-५३ या जनुकामध्यें अशाच चुका असल्याचें ब्रॅश व त्याचे सहकारी यांनीं १९९१ सालीं दाखविलें. अक्षरांच्या विशिष्ट घोटाळ्यावरून मूळ प्रत कोणत्या लिपींत होती हें आपण ताडतों. तसेंच येथें चुकीच्या रूपावरून ती कोणीं केली हें कळलें. शोधकच नसला तर काय होतें याचेंहि उदाहरण आहे. झेरोडर्मा नांवाच्या आनुवंशिक विकारांत बाळपणींच उन्हानें कातडीवर डाग पडून पुढें कर्क होतात. त्या रोग्यांच्या पेशींत दुरुस्तीची शक्ति उणी असते, हें क्लीव्हर यानें १९६८ सालीं सिद्ध केलें. आई व बाप या दोघांकडून दोष आला तरच हा विकार प्रकट होतो. म्हणून जवळच्या नात्यांतील विवाहांत त्याचा संभव वाढतो.

यावरून कारणांचे तीन वर्ग पडतात. कांहीं कारणें अक्षरें बिघडवितात, जसें ऊन व काजळी. कांहीं नकलांची संख्या वाढवितात, जशी कधीं न भरणारी जखम. कातडी पुन्हा पुन्हा जोडावी लागली म्हणजे पेशींस पुन्हा पुन्हा प्रती काढाव्या लागतात. आणि कांहीं शोधकाचाच हात धरतात. आर्सेनिक हें त्यांपैकीं होय.

आपल्या लोकांची कातडी सांवळी. तिच्यांतील मेलॅनिन हें रंगद्रव्य अतिनील किरण पुष्कळसे शोषून घेतें, आणि म्हणून गोऱ्या लोकांच्या मानानें आपल्याकडे त्वचेचे कर्क फार थोडे होतात. ज्यांच्या अंगीं जन्मतःच हें रंगद्रव्य नसतें त्यांस मात्र मावळच्या उन्हांतहि तितकाच धोका आहे. मेलॅनोमा हा काळा कर्क आपल्याकडे पुष्कळदां तळपायावर किंवा नखाखालीं दिसतो. तेथें ऊन पोंचत नाहीं, तेव्हां त्याचें खापर उन्हावर फोडतां येत नाहीं. सारांश, आपल्या प्रदेशांत पहिल्या वर्गापेक्षां दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांतील कारणांकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे.

४. धोतर आणि लुगडें

दुसऱ्या वर्गाचें जें उदाहरण जगाच्या वैद्यकांत आपल्या पोशाखाच्या नांवानें नोंदलें गेलें, तें मुंबईस उघडकीस आलें. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीं अमेरिकेंतील विकृतिशास्त्राच्या एका मासिकांत निबंध प्रसिद्ध करून, चालीरीतींशीं संबंध असलेले कर्काचे तीन नवे प्रकार भारतांतून वर्णिले. त्यांपैकीं एक 'धोतराचा कर्क'. कमरेशीं जेथें धोतर अथवा लुगडें घट्ट आवळलें जातें, नेमक्या त्याच पट्ट्यांत कातडी आधीं काळवंडते किंवा पांढुरकी पडते, मग जाड व खवलेदार होते, तिला चिरा पडतात, आणि क्वचित् प्रसंगीं वर्षांनुवर्षांनंतर तेथील व्रणांत कर्क उद्भवतो. कमरेवरील ती रेघच येथें साक्षीदार आहे. उन्हाचा तेथें स्पर्श नाहीं, काजळीचा संबंध नाहीं. खानोलकर पुढें १९५२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले.

हें प्रकरण जुनें झालें असें समजण्याचें कारण नाहीं. २०२४ सालीं वर्धा येथील व बिहारमधील मधुबनी येथील वैद्यांनीं मिळून दोन स्त्रियांचीं उदाहरणें एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत दिलीं. एक सत्तरीची, तिच्या उजव्या कुशींत दीड वर्ष न भरलेला व्रण होता, आणि ती लुगड्याखालीं परकर नाड्यानें घट्ट बांधीत असे. दुसरी साठी उलटलेली. तिनें चाळीस वर्षें परकरावांचून लुगडें कमरेशीं कसून नेसलें होतें, आणि तिचा कर्क जांघेंतील ग्रंथीपर्यंत पोंचला होता. दोघींच्याहि जखमेचा तुकडा तपासल्यावर तो शल्कपेशींचा कर्क ठरला. नाडा अरुंद असल्यानें दाब थोड्या जागेवर एकवटतो; म्हणून दोष साडीचा नसून नाड्याचा, असें या वैद्यांचें म्हणणें आहे. तरी दुसरें उदाहरण पाहतां, नाडा असो वा गांठ, वर्षानुवर्षें एकाच जागीं पडणारा दाब व घर्षण हेंच मूळ, असा निष्कर्ष आम्हांस रास्त वाटतो.

आतां भोर व वेल्ह्याकडे पाहूं. तोरणा व राजगड यांच्या पायथ्याचा गुंजण मावळ आणि नीरेच्या खोऱ्यांतील हिरडस मावळ, हा सर्व भाताचा मुलूख. आषाढांत स्त्रिया दिवसचे दिवस चिखलांत वांकून आवण लावतात. अंगावरील लुगडें भिजलेलें, कमरेची गांठ कामांत सैल होऊं नये म्हणून आवळलेली, आणि घाम व पाणी यांनीं मऊ पडलेल्या कातडीवर तिचें घर्षण. नऊवारी लुगडें वयस्क स्त्रियांत अद्याप आहे. त्यांच्या सुना परकर व साडी नेसूं लागल्या आहेत. रोग विरळा आहे हें खरें. लक्षावधि लोकांनीं जन्मभर धोतर व लुगडें नेसून त्यांस कांहीं झालें नाहीं. म्हणून लुगडें टाका असें कोणीहि शहाणा सांगणार नाहीं. गांठ थोडी सैल असावी, तिची जागा अधूनमधून बदलावी, नाड्याऐवजीं रुंद पट्टी असावी, आणि कमरेच्या डागाकडे कोणीं तरी पाहत जावें, इतकेंच सांगणें आहे.

५. अग्नीचे डाग

भाजल्याच्या वणांतून होणारा कर्क याच वर्गांतला. काश्मीरांत थंडीच्या दिवसांत निखाऱ्यांची कांगडी वस्त्राच्या आंत पोटाशीं धरून बसतात. तिच्या धगीनें पोटावर व मांड्यांवर होणारा कर्क एल्म्स्ली या मिशनरी वैद्यानें १८६६ सालीं नोंदला. जुनाट वणांतील अशा वाढीस फ्रेंच शस्त्रवैद्य मार्जोलिन याचें नांव देतात. त्यानें १८२८ सालीं तिचें वर्णन केलें खरें, परंतु ती कर्क असल्याचें त्यानें म्हटलें नव्हतें. त्याचें नांव तिला डा कोस्टा यानें १९०३ सालीं जोडलें. नांवावरून शोधाचें श्रेय ठरवूं नये, हा धडा येथेंहि मिळतो.

सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील बाराव्या अध्यायांत अग्निकर्माचा विधि आहे, आणि खेड्यांतील 'डाग देणें' हा उपचार त्याच वंशांतला. एकदां दिलेला डाग बरा झाला तर त्यांत विशेष भय नाहीं. भय आहे तें वारंवार फुटणाऱ्या, कधींच नीट न भरणाऱ्या वणाचें. भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनींहि त्यांत कर्क उद्भवतो. आणि अशा वणावर पुन्हा डाग देणें म्हणजे रोगास मुदत वाढवून देणें होय.

६. हरताळ व सोमल

तिसऱ्या वर्गाकडे वळूं. इंग्लंडांत फाऊलर यानें १७८६ सालीं आर्सेनिकाचें एक औषध प्रचारांत आणिलें. तें शतकाहून अधिक काळ नाना रोगांवर दिलें जाई. १८८७ सालीं हचिन्सन यानें असें दाखविलें कीं त्वचारोगावर दीर्घकाळ आर्सेनिक घेतलेल्या रोग्यांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण दाणे येतात आणि त्यांतून कर्क होतो. तैवानांत विहिरींच्या पाण्यांतून आर्सेनिक पोटांत जाणाऱ्या ४०,४२१ लोकांची तपासणी त्सेंग व त्याचे सहकारी यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केली. तींत त्वचेच्या कर्काचें प्रमाण दर हजारीं सुमारें साडेदहा निघालें. बंगालच्या पश्चिम भागांत हाच दोष १९८३ सालीं उघडकीस आला. पाण्याचा हा प्रश्न मुख्यतः नद्यांच्या गाळाच्या प्रदेशाचा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांतील मावळाचा नव्हे. मावळांत विचार करावयाचा तो औषधाचा.

हरताळ, मनःशीळ व सोमल यांचे लेप व मात्रा जुन्या वैद्यकांत आहेत. व्रणावरील लेपांत हरताळ व मनःशीळ संहिताकाळापासून सांगितलेलीं आहेत. देशी व चिनी औषधांतून आर्सेनिक पोटांत जाऊन तळहातांवर दाणे व पुढें कर्क झालेले रोगी आधुनिक नियतकालिकांतून वर्णिले गेले आहेत. हा कर्क बहुधा वस्त्राखालीं झांकलेल्या भागावर उठतो आणि औषध सोडून कित्येक वर्षें लोटल्यावरहि उठतो. म्हणून रोगी व वैद्य दोघांसहि त्या औषधाची आठवण राहत नाहीं.

संग्राहकांनीं यांतून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली हाताळणीची. प्रत्येक पिवळा कागद हरताळाचा नसतो. हळदीनें रंगविलेलाहि असतो. परंतु हरताळ असला तर उजेडानें व हवेनें त्याचा कांहीं अंश सोमलांत पालटतो. पोथी नुसती हाताळल्यानें कर्क होतो असें नाहीं. पोटांत जाणें टाळावयाचें आहे. तेव्हां जिभेला बोट लावून बाडाचें पान उलटण्याची खोड सोडावी, पानावरील पिवळी धूळ फुंकूं नये, आणि हात धुतल्यावांचून कांहीं खाऊं नये. दुसरी गोष्ट प्रकाशनाची. सोमलाचा योग असलेलें बाड छापतांना पाठ जसाच्या तसा द्यावा, त्यांत फेरफार करूं नये. परंतु तो योग करून पाहण्यासाठीं नाहीं, हें त्याच पानावर स्पष्ट लिहावें. छापलेल्या पाठाला वाचक प्रमाण मानतो, आणि बाडांतील तोळा-मासा घरांतील कोणाच्या तरी जखमेवर जाऊन पडतो.

७. उपसंहार

भोर संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. पंतसचिवांच्या मुलखांतील जुन्या घरांतून वैद्यकाचीं बाडें व जमाखर्चाचे कागद अद्याप सांपडतात. त्यांत कर्क शोधूं नये, राहणी शोधावी. कोणतें कापड किती हात घेत, कशावर डाग देत, सोमल व हरताळ किती खरेदी होत, याच्या तारीखवार नोंदी वैद्यकीय संशोधकांस उपयोगी पडतील; कारण हा रोग आज दिसतो, परंतु त्याचें कारण तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या आचारांत असतें, आणि त्या काळाची साक्ष कागदांतच राहते.

जिवंत माणसाची साक्ष मात्र त्याच्या कातडीवर असते व ती थांबत नाहीं. कमरेवरील, भाजल्याच्या जुन्या वणावरील किंवा तळपायावरील जखम महिनाभरांत भरली नाहीं, तिच्या कडा उचलल्या, ती सहज रक्ताळूं लागली, किंवा एखादा काळा डाग पसरूं लागला, तर लेप व डाग यांत दिवस न घालवितां तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत दाखवावी आणि तेथून सांगतील त्याप्रमाणें पुण्यास ससून रुग्णालयांत तिचा तुकडा तपासून घ्यावा. आरंभीं ओळखलेला हा कर्क बहुधा लहान शस्त्रक्रियेनें पुरता निघतो. जांघेच्या ग्रंथींत उतरल्यावर तें काम कठीण होतें. वाचकांपैकीं जे मावळांत बाडें पाहण्यास जातात त्यांस घरांतील वडील माणसें आपलीं दुखणींहि सांगत असतात. तीं ऐकून घेऊन एवढा निरोप त्यांनीं तेथें पोंचविला तर या टिपणाचें काम झालें, असें आम्ही समजतों.